बाजारपेठेतली भित्तिचित्रं बघायला कधी जावं, कशी बघावीत?

पायीपायी

नमस्कार मंडळी. जुन्या बाजारपेठेच्या भागात भिंतींवर, दुकानांच्या शटरवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर चित्रं असतात. जाता-येता दिसतात, पण नीट बघणं होत नाही. आता पाच-सहा जणांनी मिळून एका सकाळी फक्त चित्रांसाठी फिरायचं ठरवलंय. त्यासाठी थोडी माहिती हवी आहे.

नेमकं किती वाजता जावं? आधी यादी किंवा नकाशा कुठे मिळतो? स्प्रेचं काम, स्टेन्सिल, कुंचल्याचं काम हे समोर उभं राहिल्यावर ओळखायचं कसं? गल्ली अरुंद असल्यामुळे मोबाईलवर फोटो काढला की भिंत मागे पडल्यासारखी दिसते, त्यावर काही उपाय? आणि फोटो नेटवर टाकले तर चालतात का? जाणकारांनी सांगावं.

गल्लीबोळ

पहिली सूचना अशी, की एका सकाळीत सगळं बसवायला जाऊ नका. दोन फेऱ्या धरा. कारण बाजारात चित्रांचे दोन संच असतात आणि ते एकाच वेळी दिसत नाहीत.

शटरवरची चित्रं दुकान बंद असतानाच दिसतात. शटर वर गेलं की दिवसभरासाठी चित्र गुंडाळलं. म्हणून पहिली फेरी दुकानं उघडण्याच्या दीड तास आधी सुरू करा आणि शटरच्या गल्ल्या आधी उरका. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस मिळाला तर उत्तमच, घाई राहत नाही. दुसरी फेरी भिंतींसाठी. इथे गंमत उलटी असते. घाऊक मालाच्या गल्ल्यांत भल्या पहाटे गाड्या लागतात, भिंतीला टेकून पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात आणि चित्राचा खालचा अर्धा भाग गायब होतो. माल उतरून गाड्या निघून गेल्या की तीच भिंत मोकळी होते. त्यामुळे किरकोळ गल्ल्या आधी, घाऊक नंतर.

उन्हाचंही गणित आहे. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सकाळी, पश्चिमेकडची दुपारनंतर. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख भिंतीवर बहुतेक वेळ सारखा, मऊ उजेड असतो, ती कधीही बघा. अरुंद बोळात थेट ऊन पोचतं ते भर दुपारी, आणि तेव्हा अर्धं चित्र उन्हात, अर्धं सावलीत अशी वाईट अवस्था होते. रंग बघायचे असतील तर ढगाळ दिवसासारखा दिवस नाही.

शटरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक ते चुकीच्या जागेवरून बघतात. शटर म्हणजे सात-आठ सेंटीमीटरच्या फुगीर पट्ट्या एकाखाली एक. अगदी जवळ उभं राहिलं की डोळ्याच्या वरच्या पट्ट्यांचा खालचा भाग आणि खालच्या पट्ट्यांचा वरचा भाग दिसतो, मधे सावलीच्या रेघा येतात आणि चेहरा असेल तर तो तुटतो. गल्लीच्या समोरच्या कडेला जा आणि डोळे शटरच्या मध्यापर्यंत येतील असे उभे राहा. समोर जोता किंवा पायरी असेल तर तिच्यावर. चित्र एकदम जुळून येतं. मग जवळ जाऊन झीज बघा. शटर गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या फुगवट्यावरचा रंग आधी जातो आणि खोबणीतला शाबूत राहतो. चित्रभर आडव्या चकचकीत रेघा दिसतात त्या याच्या. रंगाचे तळहाताएवढे पापुद्रे सुटलेले दिसले तर समजा की जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर योग्य प्रायमर न लावता तेलरंग मारलाय. जस्त आणि तेल यांच्या संयोगाने मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते.

यादीसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला ऑनलाइन नकाशा बघा. तिथे ‘आर्टवर्क’ या टॅगखाली ‘म्युरल’ (भित्तिचित्र) असा वेगळा प्रकार नोंदवलेला असतो. त्यात सापडलेल्या जागा गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर तपासा. पण नकाशावर आहे म्हणून भिंतीवर असेलच, असं धरून चालू नका. बाजारातल्या भिंती सतत रंगवल्या जातात, पाडल्या जातात, फलकांखाली जातात. नकाशावरून फक्त गल्ल्या निवडा. दीड किलोमीटरच्या आत मार्ग ठेवला तर अडीच तास पुरतात. त्याहून लांब गेलात तर शेवटची चित्रं नुसती ओलांडली जातात.

आणि प्रत्येक गल्ली दोन्ही दिशांनी चाला. इमारतीच्या बाजूच्या, खिडक्या नसलेल्या उंच भिंतीवरचं चित्र बहुधा गल्लीच्या एका टोकावरूनच नीट दिसेल असं बेतलेलं असतं. उलट बाजूने गेलात तर ते पाठीमागे राहतं.

चुनागिलावा

ओळखायचं कसं, त्याबद्दल. आधी दहा पावलांवरून बघा, मग एक हात अंतरावर या. खुणा कडांवर असतात, रंगात नाहीत.

मोकळ्या हाताने मारलेल्या स्प्रेची कड धुरकट असते, बाहेर बारीक ठिपक्यांची धूळ दिसते. डबा भिंतीजवळ धरला तर रेघ बारीक आणि कड तीक्ष्ण, लांब धरला तर रुंद आणि विरळ. शिवाय डब्याच्या फवारा सोडणाऱ्या टोपणावरही ठरतं: बारीक रेघेचं वेगळं, जाड फवाऱ्याचं वेगळं, आणि कामात ती सतत बदलली जातात. हात एका जागी रेंगाळला की ओघळ येतो. काही जण तो मुद्दाम ठेवतात. सगळे ओघळ एकाच लांबीचे आणि अक्षरांच्या खालच्या कडेलाच असतील तर ते ठरवून सोडलेले.

स्टेन्सिल म्हणजे कापलेल्या साच्यातून मारलेला रंग. त्याची कड कापल्यासारखी असते. पण खरी खूण म्हणजे ‘पूल’. साच्यात मधला तुकडा, समजा डोळ्याचं बुबुळ, अधांतरी राहू शकत नाही. तो बाजूच्या कागदाला एका पट्टीने जोडलेला ठेवावाच लागतो. त्या पट्टीची जागा चित्रात कोरी सुटते. असे कोरे सांधे दिसले की स्टेन्सिल. साचा भिंतीला घट्ट टेकलेला नसला तर कडेखालून फवारा शिरतो आणि तिथे अंधूक प्रभावळ उमटते. खडबडीत गिलाव्यावर हे हमखास होतं. दोन-तीन रंगांचं काम असेल तर प्रत्येक रंगाचा साचा वेगळा, आणि ते किंचित सरकले की कडेला आधीच्या रंगाची बारीक किनार डोकावते.

कागदावर छापून किंवा रंगवून खळीने डकवलेलं काम लांबून थेट भिंतीवरचं वाटतं. सुरकुत्या आणि हवेचे फुगे शोधा. ते बहुतेक कोपऱ्यातून सुटायला लागतं, पावसात तर फार लवकर.

मोठ्या भिंतींवर एक मजेशीर खूण कधी कधी सापडते. रंगाचा थर पातळ असेल तिथे खाली वेडीवाकडी अक्षरं, वर्तुळं, गिरगोट्या दिसतात. ते आधीच्या कुणाचं काम नसतं. चित्रकार आधी भिंतभर अशा खुणा करतो, तिचा फोटो काढतो, त्या फोटोवर आपलं रेखाटन चढवतो आणि मग ‘नाकाचं टोक त्या त्रिकोणाच्या डावीकडे’ अशा हिशोबाने मोजपट्टीशिवाय चित्र मोठं करतो. प्रोजेक्टर वापरायचा तर काळोख हवा आणि समोर जागा हवी. बाजाराच्या बोळात दोन्ही मिळणं कठीण, म्हणून ही पद्धत.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. न विणलेल्या पातळ कापडावर स्टुडिओत चित्र रंगवायचं आणि तुकडे अॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवायचे. दीडेक मीटरवर सरळ सांधे दिसतात आणि गिलाव्याचा खडबडीतपणा दबलेला असतो.

वय ताडताना नुसत्या फिकेपणावर जाऊ नका. चटक लाल, गुलाबी आणि पिवळ्या रंगांतली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हात आधी मरतात. लोहाच्या ऑक्साइडचे गेरू-तपकिरी रंग, काजळी काळा, थॅलोसायनिन निळा हे टिकतात. म्हणून दक्षिणेकडच्या भिंतीवरचं अलीकडचं चित्रही निळं-तपकिरी होऊन जुनं वाटतं आणि बोळातलं कितीतरी जुनं चित्र ताजं दिसतं. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पोपडे आणि पांढरा खार असेल तर तो वयाचा नव्हे, ओलीचा पुरावा. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी पृष्ठभागावर उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साचून त्याला ढकलतात. कोवळ्या सिमेंट गिलाव्यावरही तेच दुखणं, म्हणून रंगवण्याआधी तो साधारण २८ दिवस मुरू देतात. सिलिकेट रंग, ज्यांचं पेटंट आडोल्फ विल्हेल्म काइम या जर्मन माणसाने १८७८ मध्ये घेतलं, ते भिंतीशी रासायनिक रीतीने जुळतात आणि वर पापुद्रा धरतच नाहीत, त्यामुळे असे सोलले जात नाहीत. पण त्यांना खनिज पृष्ठभाग लागतो, जुन्या तेलरंगावर ते बसत नाहीत.

बोट फिरवून रंगाची पूड निघते का, हे कृपया करून बघू नका. जुन्या थरावर तेवढंही पुरतं.

शाईओघळ

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, पण फक्त मोठी चित्रं बघायची ही सवय बाजारात उपयोगाची नाही. भिंतीवर एका झटक्यात मारलेली सही म्हणजे ‘टॅग’. दोन रंगांत पटकन फुगवलेली अक्षरं म्हणजे ‘थ्रो-अप’. वेळ घेऊन बारकाव्यांसह रंगवलेलं ते ‘पीस’. मोठ्या चित्रावर कुठे टॅग पडलेत ते बघा. ते चित्राच्या कडेलाच थांबले असतील तर त्या चित्रकाराला इतरांकडून मान आहे, आणि थेट चेहऱ्यावर असतील तर भांडण आहे. विजेच्या पेट्या, पावसाच्या पाण्याचे पाइप, फलकांच्या पाठी हेही बघत चला.

तिरपीचौकट

फोटोंचा प्रश्न राहिला. भिंत मागे पडल्यासारखी दिसते कारण तुम्ही मोबाईल वर तिरपा करता. मोबाईल भिंतीला समांतर ठेवला की उभ्या रेषा उभ्याच राहतात, पण मग वरचा भाग चौकटीत मावत नाही. हिशोब करू. मोबाईलचा मुख्य कॅमेरा मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावरच्या साधारण २४ मिमी लेन्सच्या तोडीचा असतो. तो उभा, भिंतीला समांतर आणि दीड मीटर उंचीवर धरला तर ९ मीटर उंचीची भिंत पूर्ण मावायला सुमारे साडेदहा मीटर मागे जावं लागतं. चार मीटरच्या गल्लीत तुम्हाला जेमतेम साडेचार मीटर उंचीपर्यंतच मिळेल. १३ मिमीची अतिरुंद लेन्स वापरली तर साधारण पावणेसात मीटर, पण तिच्यात कोपरे ताणले जातात आणि कडेचे चेहरे पसरट होतात.

म्हणून तीन वाटा. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, अर्थात विचारून, काढा. भिंतीच्या मध्याच्या उंचीवर गेलात की अर्धं काम तिथेच होतं. ते जमत नसेल तर तिरपा काढा, पण चारही बाजूंना १५ टक्के जागा मोकळी ठेवा. नंतर संपादनात रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि मोकळी जागा नसेल तर चित्रच कापलं जातं. तिसरी वाट लांबलचक भिंतीसाठी. एका जागी उभं राहून पॅनोरमा फिरवू नका, सपाट भिंत मधे पोट सुटल्यासारखी येते. भिंतीला समांतर चालत, दर दोन पावलांवर एक फोटो घ्या, शेजारच्या दोन फोटोंत तिसरा हिस्सा तरी सामाईक ठेवा आणि घरी जोडा. भिंतीच्या पुढे असलेले खांब आणि तारा यात दुहेरी येतील. ते टळत नाही, कारण जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकते.

बाजारात रंग बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे ताडपत्री. निळ्या ताडपत्रीखालून गाळून आलेल्या उजेडात पांढरी भिंत निळी होते आणि कॅमेरा ते सावरायला जाऊन सगळंच पिवळं करतो. त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद धरून फोटो काढून ठेवा, नंतर त्यावरून रंग जुळवता येतात. चकाकणाऱ्या वॉर्निशवर प्रकाशाचा डाग येत असेल तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून बाजूने काढा. समोरून त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्येक चित्राचे तीन फोटो घ्या: आजूबाजूच्या दुकानांसह एक, पूर्ण चित्राचा एक, सहीचा एक. सही बहुतेक खालच्या उजव्या कोपऱ्यात, थप्पीच्या मागे असते. थप्पी हलवू नका, मालकाला विचारा. ट्रायपॉड तर नकोच, हमालांच्या वाटेत तो पहिला आडवा येतो.

पायीपायी

खूपच कामाचं. एका चित्राखाली सहीजवळ दोन वर्षं लिहिलेली दिसली, मधे आठ-नऊ वर्षांचं अंतर. दोन चित्रकार असतील का?

गल्लीबोळ

बहुधा तेच चित्र पुन्हा रंगवलंय. बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीत, म्हणजे जुन्या बर्लिन भिंतीच्या सुमारे १.३ किलोमीटर पट्ट्यावर, १९९० मध्ये रंगवलेली चित्रं २००९ मध्ये मूळ चित्रकारांना बोलावून पुन्हा रंगवून घेतली होती. काहींनी नकारही दिला. तपासायचं असेल तर संगणकावर स्ट्रीट व्ह्यू उघडा, ‘अधिक तारखा पाहा’ वर टिचकी मारा आणि कॅमेऱ्याच्या गाडीने त्या भिंतीचे आधीच्या फेऱ्यांत काढलेले फोटो एकेक करून बघा. ज्या दोन फेऱ्यांच्या मधे चित्र बदललं त्या दरम्यानची तारीख मिळते. त्याखाली आधी काय होतं तेही कळतं.

चुनागिलावा

नेटवर टाकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचं, असं कायदा सरसकट मानत नाही. जर्मनीत सार्वजनिक जागी कायम असलेल्या चित्राचा रस्त्यावरून काढलेला फोटो प्रसिद्ध करता येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली कलम ५२ ची सूट शिल्प आणि वास्तूंना मिळते, भिंतीवरच्या रंगचित्रांचा तिच्यात समावेश नाही. चित्रकाराचं नाव देऊन आपल्या पानावर टाकण्याने सहसा कुणाचं काही बिघडत नाही, पण टी-शर्ट, कॅलेंडर, जाहिरात यासाठी लेखी परवानगी घ्या. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली, तेव्हा दृश्य कलाकारांच्या हक्कांबद्दलच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याच्या आधारे २१ कलाकारांना २०१८ मध्ये ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. भिंत एकाची आणि चित्र दुसऱ्याचं असू शकतं, हे तिथल्या कोर्टाने चांगलंच महाग करून सांगितलं.

सही वाचता येत नसेल तर ‘अज्ञात’ लिहा आणि गल्लीचं नाव व महिना-वर्ष द्या. कुणाला माहीत असेल तो खाली नाव जोडतो.