सहावा गडी: मानाचं पान की गोड बोलून बाकावर बसवणं?

भाट्येकर
पुतण्या इथे रत्नागिरीत कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड आहे. पाऊस गेला, कोर्ट वाळलं, सराव सुरू झाला आणि कोचनी सांगितलं, पहिल्या पाचात तू नाहीस, सहावा उतरशील. तेव्हापासून घरात सुतक. दादा म्हणतो, बाकावर बसायला कशाला जातोस, अभ्यास कर.

माझं मत उलट आहे. लू विल्यम्स बघा. २००५ साली शाळेतून थेट एनबीएत (अमेरिकेची व्यावसायिक लीग), तोही नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) ४५वा निवडला गेलेला. १७ हंगाम खेळला. २०१७-१८ला क्लिपर्स संघाकडून ७९ सामन्यांपैकी फक्त १९ मध्ये सुरुवातीपासून उतरला, तरी सरासरी २२.६ गुण. सर्वोत्तम सहाव्या गड्याचा पुरस्कार तीनदा. बाकावरून येऊन सर्वाधिक गुणांचा डेल करीचा (आपल्या स्टेफ करीचे वडील) विक्रम २०१९ मध्ये ह्यानेच मोडला. ह्याला दुय्यम म्हणायचं?

चिपळूणचा अण्णा
म्हणायचं. तीन पुरस्कार, पण ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात, एकदाही नाही. जमाल क्रॉफर्डचंही तेच. एप्रिल २०१९ मध्ये, वय ३९, फिनिक्सकडून डॅलसविरुद्ध बाकावरून उतरून ५१ गुण ठोकले. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा कुठल्याच संघात नव्हता. २०२०च्या जुलैत ब्रुकलिनने घेतलं, एक सामना खेळला, संपलं. एवढीच किंमत.

आणि जेम्स हार्डन? ओक्लाहोमात सहावा होता, २०१२ला पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी ह्यूस्टनला गेला, पहिल्या पाचात आला, २०१८ला एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. ओक्लाहोमातच बाकावर राहिला असता तर?

कुडाळचो बाबल्या
अण्णानू, जिनोबिली खंय गेलो? १९९९ मदी ५७वो निवडलेलो. चार वेळा चॅम्पियन, २००४चा ऑलिंपिक सुवर्ण आर्जेंटिनाक, २०२२ मदी हॉल ऑफ फेम. आणि तेच्या स्पर्स संघात बरेचसे सामने बाकावरसून. शेवटची पाच मिन्टां कोण मैदानात असता तां बघा, पयलो कोण उतारलो तेचो हिशोब कित्याक करतास?

चिपळूणचा अण्णा
बाबल्या, जिनोबिलीला पहिल्या पाचात घ्यायला कुठलाही संघ एका पायावर तयार होता. त्याला बसवणं ही स्पर्सचा कोच पोपोविचची चाल होती. पुतण्याला बसवलंय कारण त्याच्यापेक्षा दोघं बरे आहेत. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

दापोली_गार्ड
विद्यापीठ पातळीवर खेळलेय, बहुतेकदा बाकावरूनच. बसून पहिली सहा-सात मिनिटं बघितली की कळतं कोण उजवीकडेच वळतो, कुणाचे दोन फाउल झालेत. समोरचे दमलेले, नाहीतर त्यांचे राखीव. त्यात गुण काढणं सोपं जातं, हे कबूल करायला हवं. विल्यम्सच्या सरासरीतही थोडं ते आहेच. प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरची बाद फेरी) समोरचे संघ मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल करून जायचे, कारण बचाव कच्चा.

पण अंग थंड असताना उतरून पहिलाच शॉट घ्यायचा, तो चुकला तर कोच परत बोलावणार हे माहीत असताना! पहिल्या पाचातल्यांना चार शॉट चुकवायची मुभा असते, आम्हाला एकाची. म्हणून दुय्यम हा शब्द मला पटत नाही. कठीण म्हणा.

चिपळूणचा अण्णा
कठीण मान्य. पण कठीण काम आणि वर पगार कमी, ह्याला आमच्याकडे वेठबिगारी म्हणतात.

कुडाळचो बाबल्या
अण्णानू, कॉलेजात पगार कोणाक असता?

भाट्येकर
दादाला धागा वाचून दाखवला. अण्णांचं तेवढं ऐकलं, जिनोबिलीपाशी उठून गेला. पुतण्या उद्या सरावाला जातोय. दापोलीताई, एक सांगा, जिल्हा संघ निवडायला बसणारे दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तरी थांबतात का?

दापोली_गार्ड
चहा आला तर थांबतात.