Re: व्हिक्टोरियन इतिहासचित्रं म्हणजे कॅलेंडर आर्ट?

वर कोणीतरी लिहिलंय की व्हिक्टोरियन इतिहासचित्रं म्हणजे नुसती भारी कपड्यांची कॅलेंडरं. बऱ्याच चित्रांबाबत मान्य, पण विल्यम यीम्सचं 'अँड व्हेन डिड यू लास्ट सी युवर फादर?' एकदा झूम करून बघा (१८७८ चं, लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे). इंग्लंडच्या यादवी युद्धातला (राजा विरुद्ध पार्लमेंट) प्रसंग, घर राजाच्या बाजूच्या माणसाचं, तो स्वतः गायब, आणि पार्लमेंटवाले टेबल मांडून त्याच्या एवढ्याशा पोराला विचारतायत, बाबांना शेवटचं कधी पाहिलंस? पोरगं निळ्या सॅटिनच्या ड्रेसमध्ये छोट्या स्टुलावर उभं, मागे बहीण रडतेय कारण पुढचा नंबर तिचा, आणि पार मागे आईचा जीव टांगणीला. गंमत म्हणजे विचारणारा खेकसत बिकसत नाहीये, हनुवटी हातांवर टेकवून अगदी शांत बसलाय, आणि मला तरी त्याचीच जास्त भीती वाटते.

प्रसंग काल्पनिकच आहे, इतिहासात शोधत बसू नका. यीम्सच्या घरी त्याचा एक भाचा की पुतण्या (इंग्रजीत नुसतं नेफ्यू, काय करणार) राहायचा, फार सरळ आणि खरं बोलणारा, त्याच्यावरून सुचलं की असा खरेपणा घरच्यांच्या जिवावर उठला तर? आता पोराने खोटं बोलावं की खरं, हे चित्रकार सांगतच नाही. मादाम तुसाँमध्ये या सीनचे मेणाचे पुतळेसुद्धा केले होते, आता त्याला कॅलेंडर म्हणायचं तर म्हणा बापडे.