मुलीला विचारतात का, कुणाकडे राहायचंय ते?

प्रश्न: आम्ही वेगळे होतोय. मुलगी ९ वर्षांची. परवा दप्तर भरताना तिने दोन कंपास घेतले, म्हटलं दोन कशाला गं, तर म्हणाली एक तुझ्या घरी एक बाबाच्या. पोटात कालवलं अगदी. कोर्ट तिला विचारेल का, आणि ती म्हणेल तसंच होतं का?

उत्तर १: विचारू शकतात, पण निकाल तिच्या एकट्या शब्दावर लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलांचं मत ऐकायचं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यायचं. कधीकधी जज स्वतःच्या चेंबरमध्ये मुलाशी एकट्याशी बोलतात, आईबाप बाहेर.

उत्तर २: मी ११ वर्षांचा असताना मला सरळ विचारलेलं, आई की बाबा, आणि मी आई म्हणालो कारण ती बाहेर रडत बसली होती, बाबा नको होते म्हणून नाही, अजून सलतं ते. प्लीज तिला निवडायला लावू नका. शाळा, मैत्रिणी, रात्री भीती वाटली तर कोण जवळ हवं, असं विचारा.

उत्तर ३: आणि पढवू तर अजिबात नका, पोराच्या तोंडी मोठ्यांची वाक्यं आली की काउन्सेलरच्या लक्षात येतं.

प्रश्नकर्ती: खरंय. आज नुसतं ऐकून घेते तिचं.