न्यू जर्सी आणि पुण्याहून व्हिएतनाम : डिसेंबरमधल्या सहाजणांच्या प्रवासाचा बेत

चाफेकळी :
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं ठरतंय. आम्ही चौघं न्यू जर्सीहून येणार, मुलं ५ आणि ९ वर्षांची. आई-बाबा (६८ आणि ७२) पुण्याहून येतील आणि सगळे हनोईत भेटू. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय, अमेरिकेच्या एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या जोडीदाराचा) वर आहोत, मुलांचे अमेरिकन. बाबांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि दोघंही पक्के शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.

सध्याची यादी : हनोई, सापा, हालाँग, ह्वे, होई आन, सायगॉन (हो ची मिन्ह सिटी), फू क्वोक. हातात साधारण १३ रात्री. हे जमेल का? तिकिटं कशी काढावीत? व्हिसात काय अडतं? आणि तिथे सगळे स्कूटर भाड्याने घेतात म्हणे, आम्ही घ्यावी का?

पायवाट :
यादी निम्मी करा, मग पुढचं बोलू. व्हिएतनाम नकाशावर चिंचोळा दिसतो, पण हनोई ते सायगॉन रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. सात ठिकाणं म्हणजे सहा वेळा बॅगा बांधणं. पाच वर्षांचं मूल आणि दुखणारे गुडघे सोबत असताना तिसऱ्याच वेळी सगळे थकतात. सापा सरळ काढून टाका : डिसेंबरात तिथे कडाक्याची थंडी असते, धुक्यात दरी दिसत नाही, भातखाचरंही रिकामी असतात.

डिसेंबरात या देशात तीन वेगवेगळी हवामानं असतात. उत्तरेत (हनोई, निन्ह बिन्ह, हालाँग) गारवा, १५ ते २० अंश. मध्यभागी (ह्वे, दा नांग, होई आन) पाऊस सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालतो. पुराचा खरा धोका ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण डिसेंबरअखेरही दोन-तीन दिवस रिपरिप धरून चाला. दक्षिणेत (सायगॉन, फू क्वोक) कोरडं आणि गरम. म्हणून उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेत संपवणं बरं. मध्य भाग जितका जानेवारीकडे सरकेल तितका चांगला.

माझा क्रम असा : हनोई ३ रात्री, निन्ह बिन्ह २, लान हा उपसागरातली बोट १, होई आन ४, सायगॉन ३. लान हा हालाँगला लागूनच आहे, तशाच चुनखडीच्या डोंगरांचा, पण गर्दी कमी. तिथल्या बऱ्याच बोटी हायफाँगच्या बाजूने सुटतात. बोटीवरून उतरल्यावर हनोईला परत जाऊ नका, हायफाँगच्या कात बी विमानतळावरून थेट दा नांग गाठा. एक रात्र वाचते. मात्र विमान दुपारी चारनंतरचंच घ्या. "२ दिवस १ रात्र" म्हणून विकली जाणारी ही सफर प्रत्यक्षात जेमतेम २२-२३ तासांची असते, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकरा. वारा वाढला तर बंदर प्रशासन बोटी रोखतं. तेव्हा पैसे परत मिळतील का, हे आरक्षणाआधी लेखी विचारून ठेवा.

खारेवारे :
व्हिसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे केलेली चूक नेमकी चेक-इन काउंटरवर उघड होते.

सहाही जणांना ई-व्हिसा लागेल, मुलांचे अमेरिकन पासपोर्ट असले तरी. प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. एकवेळच्या प्रवेशाला २५ डॉलर, अनेकवेळच्या प्रवेशाला ५० डॉलर, अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून मुदत ९० दिवसांपर्यंत मिळते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असाच असतो. शोधात वर येणारी बाकीची बहुतेक एजंटांची, जास्त पैसे घेणारी. तीन कामाचे दिवस लागतात असं लिहिलेलं असलं तरी निघायच्या तीन-चार आठवडे आधी अर्ज टाका.

काय चुकतं :

तारीख. तिथे दिवस आधी, महिना नंतर. अमेरिकेत राहून हात उलटा वळलेला असतो. ४ डिसेंबरचा जन्म १२ एप्रिल होऊन बसतो. जन्मतारीख चुकली की व्हिसा निकामी, नवा अर्ज आणि नवे २५ डॉलर.

नाव. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच आडनाव, बाकी सगळं 'दिलेलं नाव'. भारतीय पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही आलं पाहिजे. पासपोर्टाच्या तळाच्या बाणांच्या दोन ओळी बघून जुळवा.

प्रवेशाची तारीख. व्हिसा ज्या दिवसापासून सुरू होतो त्याच्या आदल्या रात्री ११:५० ला उतरलात तरी आत घेत नाहीत. एक-दोन दिवस आधीची तारीख मागितली तर काही बिघडत नाही. प्रवेशाचं ठिकाण नोई बाई विमानतळ (हनोई) निवडा.

फोटो चष्म्याशिवाय, पासपोर्टचं पान चारही कोपरे दिसतील असं, चकाकी न येता. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. मिळालेल्या व्हिसाच्या दोन-दोन छापील प्रती. आई-बाबांच्या हातात त्यांच्या वेगळ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुम्हा दोघांसाठी : एच-१बी आणि एच-४ चे पासपोर्टातले शिक्के परतीच्या दिवशी वैध आहेत का ते आजच बघा. फक्त आय-७९७ (अर्ज मंजुरीची सरकारी नोटीस) वैध असून भागत नाही. शिक्का संपला असताना परतता येण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीला आहे, व्हिएतनामला नाही. शिक्का संपला असेल तर आधी तिकीट काढू नका.

पायवाट :
तिकिटांचं राहिलं. जाताना हनोई, येताना सायगॉन असं एकाच तिकिटावर काढा ("मल्टी-सिटी" म्हणून शोधायचं). दोन्हीकडून हनोई घेतलंत तर शेवटी सायगॉनहून हनोईला येण्यात अर्धा दिवस आणि सहा तिकिटं जातात.

न्यूयॉर्कहून थेट विमान नाही. तैपेई किंवा हाँगकाँगमार्गे पहिला टप्पा साधारण १६ तास, दुसरा दोन-तीन तास. दोहामार्गे १२-१३ आणि मग ७-८. लहान मुलांसाठी माझं मत पहिल्या प्रकाराला : मध्यरात्री निघणाऱ्या विमानात ती लांब टप्प्यात झोपतात, आणि उरलेला तुकडा छोटा असतो. दोहाच्या मार्गात दोन्ही झोपा अर्धवट होतात.

रात्री १ वाजता सुटणाऱ्या विमानावर २० डिसेंबर लिहिलं असेल तर विमानतळावर १९ च्या रात्री पोचायचं. ही चूक अनुभवी लोकही करतात. हिवाळ्यात हनोई न्यूयॉर्कच्या १२ तास पुढे असतं, म्हणून उतराल २१ तारखेच्या दुपारी. हॉटेल २१ पासून घ्या, २० पासून नाही.

दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर कधीच घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, बॅगा पुढे जात नाहीत, आणि त्या घ्यायला बाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टला मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो.

आई-बाबांसाठी मुंबई-हनोई थेट विमान घ्या, पाच-साडेपाच तासांचं. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटात बॅग वेगळी विकत घ्यावी लागते आणि केबिनची ७ किलोची मर्यादा वजन करून तपासतात. त्यांचं विमान तुमच्या एक दिवस आधी पोचेल असं नको, नंतर पोचेल असं बघा, म्हणजे घ्यायला कुणीतरी असेल. आईंसाठी व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा. पायऱ्या चढता येतात की नाही हेही सांगावं लागतं, कारण विमानाला बस लागली तर शिडी चढावी लागते.

सोनटक्का :
बाबांच्या औषधांविषयी. सगळी औषधं केबिन बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि आठवडाभराची जास्तीची. इन्सुलिन असेल तर चेक-इन बॅगेत मुळीच नको, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. पुणे आणि हनोईत फरक दीड तासाचाच, त्यामुळे वेळापत्रक फारसं हलत नाही. तरी डॉक्टरांशी एकदा बोला. खरी अडचण जेवणाच्या वेळांची. विमानातलं जेवण उशिरा येतं, म्हणून राजगिऱ्याची वडी, खाकरा, साखरेच्या गोळ्या हाताशी.

चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तुमच्या १६ तासांत तर नक्कीच दर दोन तासांनी उठा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. मोठ्यांसाठी घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका.

आता जेवण. 'चाय' हा शब्द पाठ करा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी खातो. पाटीवर 'क्वान चाय' किंवा 'कोम चाय' दिसलं की बिनधास्त आत जा. ही बौद्ध शाकाहाराची ठिकाणं असतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बरेच लोक शाकाहार पाळतात. अनेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. मात्र तिथे मांसासारखे दिसणारे सोयाचे तुकडे येतात. आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते ताट बाजूला सारतील.

साध्या हॉटेलात 'भाजी' मागितली तर तिच्यात नुक माम, म्हणजे माशाचा रस, पडलेला असतो. फो या नूडल्सच्या सुपाचं पाणी हाडांचं असतं. टोमॅटोतल्या टोफूत खिमा असू शकतो. बान्ह मी पावात आत 'पाते', म्हणजे कलेजी-मांसाचं मऊ वाटण, लावलेलं असतं. मेतकूट, पोह्यांचा चिवडा, गूळपोळी बरोबर असू द्या. भात सगळीकडे मिळतो, आणि मेतकूट-भाताने एक वेळ निभावते. अमेरिकेत परतताना मात्र उरलेलं खाणं जाहीर करा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ आणू नका.

खारेवारे :
स्कूटर नको, आणि हे घाबरून नाही तर कायद्याने. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारावरचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतं. भारत आणि अमेरिका देतात तो १९४९ च्या जिनिव्हा कराराचा. दुकानदार स्कूटर देतो, कुणी विचारत नाही. पण अपघात झाला की परवाना अवैध म्हणून प्रवास विमा हात वर करतो. ५० सीसीवरच्या गाडीची ही गोष्ट. 'ग्रॅब' ॲपवर चारचाकी बोलवा, भाडं आधीच दिसतं. सहाजण सात आसनी गाडीत मावतात, पण सहाजणांच्या बॅगा मावत नाहीत. विमानतळ आणि शहरांदरम्यानच्या प्रवासाला १६ आसनी गाडी सांगा.

नोटांबद्दल : २०,००० आणि ५००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर. घाईत एकीच्या जागी दुसरी जाते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात. रुपये बदलून मिळण्याची खात्री नाही. आई-बाबांना कोऱ्या, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा आणायला सांगा.

चाफेकळी :
फार मोलाची माहिती. शिक्के तपासले, दोघांचेही पुढच्या ऑगस्टपर्यंत आहेत. सापा आणि ह्वे काढले. आता अडलंय ते होई आन की फू क्वोक यावर. मुलांना समुद्र हवाय, बाबांना जुनी देवळं.

पायवाट :
बाबांसाठी होई आन. तिथून ४० किलोमीटरवर मी सन आहे, चंपा या जुन्या हिंदू राज्याच्या राजांची चौथ्या ते तेराव्या शतकांतली शिवमंदिरं, संस्कृत शिलालेखांसह. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. काही गटांची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली, आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी आठच्या आत पोचा. दारापासून देवळांपर्यंत विजेवरची गाडी आहे, पुढे सपाट चालणं. दा नांगचं चाम (चंपाच्या लोकांच्या) शिल्पांचं संग्रहालय त्याच्या आदल्या दिवशी बघा, म्हणजे मी सनमध्ये रिकाम्या गाभाऱ्यांत काय होतं ते डोळ्यांपुढे राहील.

डिसेंबरात होई आनचा समुद्र खवळलेला असतो, मुलांना त्यात सोडू नका. समुद्रच हवा असेल तर होई आनच्या दोन रात्री कमी करून त्या फू क्वोकला द्या. एक जादा विमान पडतं, एवढाच तोटा. पण परतीच्या आदल्या दिवशी सायगॉनमध्ये असायलाच हवं. देशांतर्गत विमानं उशिरा सुटतात.

सोनटक्का :
निन्ह बिन्हला त्रांग आनची नाव घ्या, हांग मुआचा डोंगर नाही. त्याला जवळपास ५०० पायऱ्या आहेत. नावेत चार मोठी माणसं बसतात, फेरी अडीच-तीन तासांची आणि स्वच्छतागृह फक्त थांब्यांवर. मार्ग तीन आहेत. तिकीटखिडकीवर कमी गुहांचा मागा, कारण गुहेत छत डोक्याला टेकतं आणि कंबर वाकवून बसावं लागतं. आईंना नावेच्या मधल्या फळीवर बसवा, खाली लाइफ जॅकेट घडी करून. सकाळी साडेसातला पोचलात तर रांग नसते, पण पाण्यावर तेव्हा १४-१५ अंश असतात. पुण्याहून येताना स्वेटर आणि कानटोपी बॅगेत तळाशी नको, वरच ठेवा.