सिडनी पॉटिएचा सज्जनपणा: अभिनय की तडजोड?

रातकिडा

गेल्या पंधरवड्यात सिडनी पॉटिए या हॉलिवूडच्या काळ्या नटाचे पाच सिनेमे पाठोपाठ पाहिले. 'द डिफायंट वन्स' (१९५८), 'अ रेझिन इन द सन' (१९६१), 'लिलीज ऑफ द फील्ड' (१९६३) आणि १९६७ मधले दोन, 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर'. माणूस इतका आवडलाय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्यावरचा आक्षेप जुना आहे. हा कायम सद्गुणांचा पुतळा. शिकलेला, टापटीप, आवाज न चढवणारा, गोऱ्या प्रेक्षकाला भीती वाटणार नाही असा काळा माणूस. मला हे पटत नाही. राग आवरून धरणं हाच त्याचा अभिनय आहे, आणि ते अजिबात सोपं काम नाही.

'हीट ऑफ द नाइट'मधलं काचघराचं दृश्य घ्या. फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्ज मिसिसिपीतल्या एका गावात खुनाच्या तपासात अडकलाय. गावचा धनाढ्य कापूसवाला एंडिकॉट त्याला आपली ऑर्किडं दाखवतो. टिब्जलाही त्यातलं कळतं, दोघं फुलांवर बोलतात. मग टिब्ज विचारतो, खुनाच्या रात्री मयत इथे आला होता का? एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो, आणि पुढच्याच क्षणी टिब्ज त्याच्या. मागे त्या घरचा काळा नोकर सरबताचा ट्रे घेऊन उभाच. टिब्ज नंतर फार काही न बोलता निघून जातो. ते दृश्य मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. आधीचा सगळा वेळ त्यानं स्वतःला आवरलं नसतं, तर ती थप्पड एवढी वाजलीच नसती.

निवडुंग

साफ असहमत. एका थपडेवर सगळा डोलारा उभा करताय तुम्ही.

'डिफायंट वन्स'चा शेवट आठवा. बेडीनं एकमेकांना जखडलेले दोन फरारी कैदी, एक गोरा, एक काळा. बेडी तुटते, पॉटिए धावत्या मालगाडीवर चढतो, गोऱ्याला वर ओढता येत नाही, म्हणून हा सुटायची संधी सोडून त्याच्यासाठी खाली पडतो. जेम्स बॉल्डविन या काळ्या लेखकानं लिहून ठेवलंय की गोरे उदारमतवादी तिथे सुखावले, पण हार्लेमचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतलं पब्लिक ओरडत होतं, 'अरे मूर्खा, गाडीत चढ परत!' मी हार्लेमच्या बाजूचा.

'गेस हूज कमिंग टू डिनर' तर विचारूच नका. गोऱ्या मुलीशी लग्न करायला निघालेला नायक कोण, तर जगभर नाव कमावलेला डॉक्टर. वर तो मुलीच्या अपरोक्ष तिच्या आईबापांना सांगतो, तुमची मनापासून संमती नसेल तर लग्न होणार नाही. त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय लग्नावरची बंदी रद्द केली. ते प्रकरण लढलेल्या लव्हिंग जोडप्यातला नवरा गवंडीकाम करायचा. न्यायालयानं कुणाची पदवी विचारली नाही. सिनेमानं मात्र विचारली.

उंबरठा

सहसा लिहीत नाही, पण निवडुंग यांनी डॉक्टरचा विषय काढला म्हणून.

मी बौद्ध आहे. पहिल्या नोकरीत दोन महिन्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं जेवताना आडनावाची चौकशी केली. उत्तर ऐकून म्हणाले, 'तुझ्याकडे बघून अजिबात वाटत नाही रे.' त्यांना ते कौतुक वाटत होतं. त्या दिवसापासून पाच वर्षं मी कडक इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ऑफिसला गेलो नाही. रात्री कितीही उशीर होवो, झोपण्याआधी इस्त्री. डॉक्टर जॉन प्रेंटिस त्या घरात सोफ्यावर बसतो तेव्हा मला माझी कॉलर टोचायला लागते.

१९७२ साली मुंबईत आमच्या आधीच्या पिढीनं संघटनेला दलित पँथर नाव दिलं, ते अमेरिकेतल्या काळ्यांची लढाऊ संघटना ब्लॅक पँथर डोळ्यापुढे ठेवून. सभ्यतेच्या परीक्षेला बसायचं त्यांनी नाकारलं. म्हणून प्रेंटिस मला सहन होत नाही. पण तो उभा करणाऱ्या नटाला ती कॉलर आतून ठाऊक होती, याबद्दल मला शंका नाही.

ओली माती

उंबरठा, मनापासून लिहिलंत. तरी मी रातकिडा यांच्या बाजूनं.

पॉटिए बहामातल्या कॅट आयलंडवर वाढला. न्यूयॉर्कमध्ये भांडी घासायचा. पहिल्या ऑडिशनला उच्चार आणि अडखळतं वाचन यामुळे त्याला हाकलून दिलं. मग त्यानं रेडिओ ऐकून ऐकून उच्चार घोटले, आणि हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरनं त्याला रोज रात्री पेपर वाचायला शिकवलं. तो स्वच्छ, तोलून बोललेला प्रत्येक शब्द कुठून आलाय ते बघा. १९६४ मध्ये 'लिलीज'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, काळ्या माणसाला पहिल्यांदाच. त्याच वर्षी गायक हॅरी बेलाफॉन्टेबरोबर तो मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला मतदार नोंदणीच्या चळवळीसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन गेला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या गाड्या पाठलागावर होत्या. याला तडजोड म्हणणार?

निवडुंग

त्याच्या धाडसावर मी एका अक्षरानं बोललेलो नाही. ग्रीनवूडला जाणारा माणूस पडद्यावर का दिसू दिला नाही, एवढंच माझं म्हणणं. क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककारानं सप्टेंबर १९६७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हेच विचारलं होतं, गोऱ्या अमेरिकेला पॉटिए इतका का आवडतो? त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइट आणि न्यूअर्क वांशिक दंगलींनी पेटलं होतं. प्रश्न पॉटिएच्या हेतूबद्दल नव्हता, गोऱ्यांच्या आवडीबद्दल होता.

रातकिडा

मग 'रेझिन इन द सन'चं काय करायचं? त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. लोरेन हॅन्सबेरीच्या नाटकावरचा सिनेमा. शिकागोच्या कोंदट घरात राहणारा वॉल्टर ली हा ड्रायव्हर. बाप गेल्यावर विम्याचे १०,००० डॉलर येतात. बहिणीच्या शिक्षणाला ठेवलेले पैसेसुद्धा हा दारूच्या दुकानाच्या नादात मित्राकडे देतो आणि मित्र पळतो. यात सद्गुणाचा पुतळा कुठे आहे? हा आईवर चिडतो, बायकोला लागेल असं बोलतो.

गोऱ्या वस्तीतला माणूस पैसे देऊ करतो, आमच्याकडे राहायला येऊ नका म्हणून. वॉल्टर ते घ्यायचं ठरवतो आणि घरच्यांसमोर त्याची तालीम करतो. आईसमोर गुडघे टेकून, लाचार गड्याचा आवाज काढून, पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांपुढे वाकलेल्या पाठीची नक्कल. ज्या माणसानं ताठ पाठीची भूमिका आयुष्यभर केली, तोच इथे ती पाठ मोडून दाखवतो.

निवडुंग

'रेझिन' मान्य. पण ते लिहिलं एका काळ्या बाईनं. बाकीचे चार बघा कुणी लिहिलेत.

उंबरठा

काल रात्री बाबांबरोबर 'रेझिन' पाहिला. त्यांना इंग्रजी कमी कळतं, मी मध्ये मध्ये सांगत होतो. गुडघ्यांच्या दृश्याला मी बोलायला लागलो तर म्हणाले, 'थांब, हे कळतंय.' शेवटी वॉल्टर मुलाला शेजारी उभं करून पैसे नाकारतो, ते त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

पॉटिएबद्दलचं माझं मत बदललंय. डॉक्टर प्रेंटिसबद्दलचं नाही.