स्टँडर्ड हेराल्ड १९६५, कापडी हूड: जिप्सीचं १.३ इंजिन घालावं की मूळचंच बांधावं?

हेराल्ड_६५: नमस्कार मंडळी. गाडी दोन दारांची, ९४८ सीसी, कोल्हापुरातच आहे. मूळचा पत्र्याचा टप काढून कापडी हूड बसवलंय, टप गोडाऊनमध्ये शाबूत आहे. आरसीवर सलूनच. इंजिन सुरू होतं, पण क्लच दाबला की पुढची पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकते आणि खालून खरखर येते. दोन गॅरेजवाल्यांनी "इंजिन संपलं, जिप्सीचं टाका" असं सांगितलंय. पन्हाळा चढून जाईल अशी गाडी हवी आहे. नेमकं काय काय करावं लागेल? आणि हूड काढून टप परत बसेल का?

लेथवर_उभा: भावा, थांब. इंजिन संपलेलं नाही, ही या इंजिनाची ठरलेली खोड आहे. क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) पुढेमागे सरकू न देणारे दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर मागच्या मेन बेअरिंगला असतात. ते झिजले की एक दिवस गळून ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकात) पडतात आणि मग क्रँक सरळ ब्लॉकवर घासते. गाडी अजिबात सुरू करू नकोस, आता प्रत्येक स्टार्टला ब्लॉक खाल्ला जातोय.

इंजिन उतरवायची गरज नाही. संप खोल, तळात पितळी रंगाचा चुरा किंवा वॉशरचा तुकडा आहे का बघ. पुलीला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून क्रँक स्क्रू ड्रायव्हरने पुढेमागे ढकल. प्ले, म्हणजे क्रँकची पुढेमागची हालचाल, ०.१० ते ०.२० मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढून नवीन वॉशर सरकवायचे, खाचांची बाजू क्रँककडे. इथेच बरेच फिटर चुकतात. उलटे बसले तर तेल पोचत नाही आणि थोड्याच दिवसांत तीच खरखर परत. स्टँडर्ड मापाने प्ले भरला नाही तर ओव्हरसाइज वॉशर मिळतात. ब्लॉकच खाल्ला गेला असेल तर मात्र इंजिन खाली घेऊन तो भाग मशीन करावा लागेल. उद्यमनगरात हे काम करणारे आहेत, ब्लॉक भंगारात देऊ नकोस.

जिप्सी_१३००: वरच्यांचं पटतंय. तरी स्वॅपच करायचा असेल तर कार्ब्युरेटरवालं ८ व्हॉल्व्ह इंजिन घ्या, सुमारे ६० बीएचपी. एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) घेतलं तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकीतला पंप, सगळं लटांबर मागे येतं. इंजिन गिअरबॉक्ससकट घ्या. जिप्सीची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळी बसते, त्यामुळे गिअरबॉक्सवरून थेट मागे शाफ्ट काढता येतो.

आधी डिफरन्शियलचा (डिफचा) रेशो, म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला शाफ्ट किती फेरे घेतो ते, मोजा. गिअर न्यूट्रल, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. जॅकवरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. ९४८ ला साधारण ४.८८ निघतो, ११४७ सीसीवाल्या डिफला ४.११. १५५/८० आर१३ टायरवर ताशी ८० ला ४.८८ धरला तर चौथ्यात ३,६५० आरपीएमच्या आसपास, पाचव्यात २,९००. ४.११ असेल तर ३,१०० आणि २,४५०. पन्हाळ्यासाठी ४.८८ उत्तम, हायवेला पाचवा गिअर सांभाळून घेतो.

माउंटिंग टाचण्याआधी इंजिन रिकामं बसवून संप आणि पुढच्या क्रॉस मेंबरमध्ये किमान २० मिमी जागा आहे का बघा. स्टीअरिंग रॅकशीही तेच. इंजिनचा कल आणि डिफच्या पिनियनचा कल समांतर ठेवा, शाफ्टच्या क्रॉसला (युनिव्हर्सल जॉइंटला) १ ते ३ अंश मिळू देत. हेराल्डचं डिफ चेसीला बसलेलं असल्याने शाफ्टची लांबी चाकाबरोबर बदलत नाही, पण रबर माउंटिंग हलतं, म्हणून शाफ्टला सरकता स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा खाचांचा जोड) हवाच. शाफ्ट बॅलन्स न करता बसवला तर ताशी ६० ला सीटखाली थरथर सुरू होईल, आणि सगळे त्याचा दोष माउंटिंगला देतील.

ओला_पत्रा: इंजिन कुठलंही घाला, पुढच्या ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात) ग्रीस मारू नका! ते पितळी असतात आणि त्यात ईपी ९० गिअर ऑइलच जातं. गॅरेजमध्ये निपल दिसला की सवयीने ग्रीसगन लागते. ग्रीस घट्ट होतं, आटे कोरडे राहतात, पाणी शिरतं, गंजतं आणि वळणावर व्हर्टिकल लिंक (ट्रनियनमध्ये फिरणारा उभा दांडा) तुटून चाक आडवं पडतं. खाली डोकावून बघा, आट्यांशी काळं कोरडं ग्रीस चिकटलेलं दिसलं तर दोन्ही बाजू खोलूनच घ्या.

बॉडी उचलायची असेल तर आधी दोन्ही दारांच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचं ब्रेसिंग टाचा. टप नसलेली बॉडी उचलताना मधेच वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. चेसीचे बाहेर आलेले आउटरिगर (बॉडीला आधार देणारे बाजूचे हात) आणि मागची टोकं हातोडीने ठोकून बघा. ठक्क आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून सडलंय. आपल्याकडच्या पावसात पत्रा वरून चांगला दिसतो, आतून गेलेला असतो. पेट्रोलचे रबर पाइप मात्र न बघता बदला, इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं.

एमएच_०९: कागद राहिले. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरटीओची मंजुरी आधी, काम नंतर. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारी गाडी अपघातानंतर विम्याच्या वेळी अंगावर येते. दुसरी गोष्ट, २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसेल तरच. तुमची १९६५ ची, म्हणजे वयात बसते. जिप्सीचं इंजिन घातलंत की तो रस्ता बंद. मात्र व्हीएची गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांपुरतीच.

हेराल्ड_६५: संप खोलला. तळात एक अर्धचंद्राकृती वॉशर पडलेला मिळाला, दुसरा कागदासारखा पातळ. प्ले मर्यादेच्या खूपच वर. आता काय?

लेथवर_उभा: मागची कॅप काढ आणि टॉर्च मारून ब्लॉकचा तो गोल कडा बघ. नखाला खाच लागत नसेल तर ओव्हरसाइज वॉशर घाल, प्ले परत मोज आणि पुढे चल. खाच लागली तर इंजिन खाली. त्यावेळी क्रँकची थ्रस्टची बाजूही तपासून घे, ती घासलेली असेल तर नवे वॉशर तीच परत खाईल. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती सोड, वॉशर त्यानेच जातात.

ओला_पत्रा: टपाचं विचारलं होतंत. हेराल्डला तो बोल्टनेच बसतो, काचेच्या फ्रेमला आणि मागे. ताकद चेसीची असते, त्यामुळे परत बसेल. रबर सील नवे घ्या आणि सगळे बोल्ट सैल ठेवून दारांची फट जुळली की मगच आवळा.