मदत हवी आहे: आईच्या हिश्श्यासाठी वाटपाचा दावा, वकील कसा निवडावा?

कृष्णाकाठ
आजोबांची जमीन कराड तालुक्यात आहे. ते १९९८ साली वारले. सातबाऱ्यावर दोन्ही मामा कब्जेदार आणि आईचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात. आईने हक्कसोडपत्र दिलेलं नाही. आता मामा जमीन विकायच्या तयारीत आहेत. आम्ही राहतो पुण्यात. वकील पुण्याचा घ्यावा की कराडचा? चांगला वकील ओळखायचा कसा, आणि फी कशी ठरवायची?

शिवारफेरी
कराडचाच घ्या. जमीन ज्या कोर्टाच्या हद्दीत, दावा तिथेच चालतो. पुण्याचा वकील प्रत्येक तारखेला प्रवासखर्च लावेल, आणि यायला जमलं नाही की तिथल्या कुणाला तरी उभं करून पुढची तारीख मागेल.

ज्यांचा वाटपाचा दावा निकाली निघालाय, अशांकडून दोन-तीन नावं घ्या. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सातारा जिल्हा आणि कराडचं कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोधा. नुसता आकडा बघू नका, दिवाणी दावे किती ते बघा. चेक बाउन्स आणि फौजदारी प्रकरणंच जास्त असतील तर पुढचं नाव घ्या. दोन-चार दावे उघडून तारखांचा इतिहासही वाचा. त्याच्याच बाजूने सलग मुदतीचे अर्ज पडलेले दिसले तर तुमच्या दाव्यातही तेच होईल.

निशाणी_५
पहिल्या भेटीआधी कागद जमवा: चालू सातबारा, ८अ (खातेउतारा), जुने हस्तलिखित सातबारे, आजोबांच्या वारस नोंदीचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद), मृत्यूचा दाखला, वंशावळ. या फेरफाराची नक्कल सगळ्यात महत्त्वाची. आईचं नाव इतर हक्कात कशाच्या आधारावर गेलं, तिचा जबाब किंवा अंगठा घेतला होता का, हे त्यातूनच कळतं. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण समोरचा वकील त्याच कागदावर बोट ठेवणार.

मग वकिलाला एकच प्रश्न विचारा: "वडील २००५ च्या आधी वारले, तरी मुलीला सहदायिक (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटेकरी) म्हणून हक्क मिळतो का?" सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. जो सरळ "नाही" म्हणेल त्याच्याकडून उठा. जो उलट विचारेल की जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, २० डिसेंबर २००४ आधी नोंदणीकृत वाटप झालंय का, त्याला विषय माहीत आहे.

विक्री तोंडावर असल्याने दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे निशाणी ५, लागेल. शिवाय दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी लागेल. महाराष्ट्रात ती नोंदवली नाही तर खरेदीदार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मधून (दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यालाही निकाल बांधतो, या नियमातून) निसटू शकतो. या दोन्ही गोष्टी वकिलाने स्वतःहून काढायला हव्यात.

कृष्णाकाठ
मनापासून आभार. एका वकिलांनी फोनवर सांगितलं, "फी नको, निकाल लागला की दहा गुंठे द्या." पैशाची अडचण आहे, म्हणून विचारतेय.

सनदधारक
हे अजिबात मान्य करू नका. निकालावर अवलंबून फी किंवा मालमत्तेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. आणि वकिलाचाच जमिनीत जीव अडकला की तो तडजोड होऊ देत नाही.

फी टप्प्यांत ठरवा आणि लिहून घ्या: दावा दाखल करताना, निशाणी ५ च्या युक्तिवादाला, पुराव्याला, शेवटच्या युक्तिवादाला. टायपिंग, नकला, समन्सचा खर्च वेगळा. वकील फी "हुकुमनाम्यापर्यंत" म्हणाला, तर म्हणजे कुठपर्यंत, हे आधी विचारा. वाटपात आधी प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा निकाल) होतो, मग शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. फीचा वाद नेमका इथेच होतो.

वादी आई असल्याने दोन सवलती आहेत. मालमत्तेच्या वादात महिलांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. आणि महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

कृष्णाकाठ
आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिच्याऐवजी मी गेले तर चालेल? आणि वकील मधेच बदलावा लागला तर?

सनदधारक
नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून कोर्टातली बरीचशी कामं तुम्हाला करता येतील. साक्ष मात्र जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे तेवढ्याचीच देता येते. माहेरच्या गोष्टींसाठी आईलाच उभं राहावं लागेल, हे वकिलाला पहिल्या दिवशीच सांगा. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर तिची सही देऊ नका.

वकील बदलताना जुन्याची नाहरकत घ्या. देत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येतं. फी बाकी आहे म्हणून त्याला तुमची कागदपत्रं अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसं ठरवलंय. तरीही मूळ कागद स्वतःकडे ठेवा, वकिलाकडे झेरॉक्स द्या. मूळ कागद कोर्टात दाखल करायचे त्या दिवशीच न्या.